‘पगार’ हे मुळात क्रियापद आहे, राव!

स्पॅनिशच्या क्लासला हौसेने नाव घातलं, पहिला महिना ‘ओला, के ताल’ करण्यात मजेत गेला आणि मग आली ती व्हर्ब्जची टेबलं! तुमचीही गाडी तिथेच पंक्चर झाली असेल, तर थोडं थांबा. स्टेपनी आपल्याच घरात आहे.

शनिवार, सकाळचे आठ. आयटीतल्या माणसाने शनिवारी सकाळी आठ वाजता आंघोळ करून कुठेही हजर असणं हाच एक पराक्रम आहे. तर अशाच एका शनिवारी आमच्या स्पॅनिशच्या मॅडमनी फळ्यावर पहिलं क्रियापद लिहिलं आणि मोठ्याने वाचलं, ‘पागार’.

मागच्या बाकावरून कुणीतरी पुटपुटलं, ‘‘झाला का?’’ महिन्याची तीस तारीख होती. अख्खा वर्ग फुटला.

मॅडमही हसल्या. म्हणाल्या, शब्द तोच आहे. ‘पागार’ म्हणजे पैसे देणे, चुकते करणे. पोर्तुगीजमध्येही हेच क्रियापद आहे. पोर्तुगीज आपल्या किनाऱ्यावर आले तेव्हा पाव, साबण, बटाटा, चावी यांच्यासोबत हा शब्दही मराठीत उतरला आणि आपण त्याचं नाम करून टाकलं. महिनाभर ज्याची वाट बघतो तो पगार हे मुळात एक क्रियापद आहे, हे कळल्यावर आम्हाला कोण आनंद झाला! म्हटलं, स्पॅनिश तर घरचीच निघाली.

आनंद पाच मिनिटं टिकला. मॅडमनी त्याच क्रियापदाखाली सहा ओळी लिहिल्या. पागो, पागास, पागा, पागामोस, पागाईस, पागान. मी पैसे देतो, तू देतोस, तो देतो, आम्ही देतो, तुम्ही देता, ते देतात. हा झाला वर्तमानकाळ. मग दोन प्रकारचे भूतकाळ, भविष्यकाळ, ‘देईन, पण...’वाला कंडिशनल आणि सगळ्यात शेवटी सब्जंक्टिव्ह नावाचा राक्षस. ‘आर’ने संपणाऱ्या क्रियापदांची तऱ्हा वेगळी, ‘एर’ आणि ‘ईर’वाल्यांची वेगळी. वर ‘इर्रेग्युलर’ नावाची टोळी, जी कुठलेच नियम पाळत नाही.

जानेवारीत बॅचमध्ये आम्ही अठरा जण होतो. मार्चमध्ये नऊ उरलो.

हौस कुणाला नसते?

स्पॅनिशच का, हा प्रश्न तुम्हाला पडणार नाही. जगात जवळपास ५० कोटी लोकांची ती मातृभाषा आहे आणि वीसएक देशांची अधिकृत भाषा. मेक्सिको, कोलंबिया, चिली, स्पेन इथले क्लायंट असलेल्या कंपन्या पुण्यात कमी नाहीत. रेझ्युमेवर एक ओळ वाढते, ऑनसाइटची आशा वाढते. आणि पुण्यात परकीय भाषा शिकणं ही तर जुनी परंपरा. फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूटच्या आवारातला विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग माहीत नसलेला पुणेकर विरळाच. हल्ली तर मोबाइलमध्येच ते हिरवं घुबड बसलेलं असतं. एक दिवस दांडी मारली की असा चेहरा करतं, जणू आपण त्याचे उसने पैसे बुडवलेत!

माझं कारण साधं होतं. आमच्या प्रोजेक्टचा क्लायंट मेक्सिकोचा. टीममध्ये ज्याला स्पॅनिश येईल त्याला थेट त्यांच्याशी बोलायचं काम मिळणार होतं. मी नगर जिल्ह्यातल्या मिरजगावचा. नगरहून करमाळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं, कर्जत तालुक्यातलं गाव. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण जिभेवर अजून नगरच आहे. पुण्यात आलो तेव्हा पहिली दोन वर्षं मी फक्त एक गोष्ट मन लावून केली. तोंडातलं ‘व्हतं’ आणि ‘न्हाई’ पुसून काढलं. मग इंग्रजी घासून घेतलं. आता तिसरी भाषा आली की गाव पूर्ण पुसलं जाईल, असं कुठेतरी वाटत असणार. उघडपणे मी असं कुणाला म्हटलं नव्हतं, एवढंच.

‘किएन?’

एप्रिलमध्ये कॉल होता. रात्री साडेआठची वेळ, पलीकडे मेक्सिकोत सकाळ. माझ्याकडे एक रिपोर्ट होता आणि तो मी पूर्ण केला होता. मॅनेजर शेजारी बसलेले. म्हटलं, आज होऊन जाऊ दे. छाती फुगवून मी स्पॅनिशमध्ये म्हणालो, ‘‘रिपोर्ट तेर्मिनो.’’ शेवटच्या ‘नो’वर चांगला जोर देऊन.

पलीकडे शांतता. मग क्लायंटकडच्या बाईंनी अगदी नम्रपणे विचारलं, ‘‘किएन?’’

म्हणजे, कोण?

मला काही कळेना. मी पुन्हा तेच म्हणालो, ‘‘तेर्मिनो.’’ त्यांनी पुन्हा विचारलं, ‘‘सी, पेरो किएन?’’ हो, पण कोण? शेवटी मॅनेजरनी इंग्रजीत सूत्रं हातात घेतली आणि कॉल उरकला. पुढच्या आठवड्यापासून त्या कॉलला माझ्याऐवजी दुसरी मुलगी बसू लागली.

घोळ काय झाला, ते मॅडमनी शनिवारी सांगितलं. ‘मी संपवलं’ म्हणायचं तर ‘तेर्मिने’. ‘तेर्मिनो’, शेवटी जोर देऊन, म्हणजे ‘त्याने संपवलं’. आणि तेच ‘तेर्मीनो’, मधल्या ‘मी’वर जोर देऊन, म्हणजे ‘मी संपवतो’. स्पॅनिशमध्ये ‘मी’, ‘तू’ हे शब्द बहुतेक वेळा बोलतच नाहीत, कारण कर्ता क्रियापदाच्या शेपटीतच बसलेला असतो. मी शेपटी चुकवली, तर समोरच्याने विचारायचं तरी काय? त्याने संपवलं, पण त्याने म्हणजे कुणी?

त्या रात्री मी टेबलांचा तक्ता प्रिंट करून बाथरूमच्या दारावर चिकटवला. तीन आठवडे रोज सकाळी दात घासताना पाठ केला. ‘आब्लो, आब्लास, आब्ला’ एका दमात म्हणता यायचं. पण कुणी समोर उभं राहून ‘तू बोलतोस का’ विचारलं, की मी मनातल्या मनात पहिल्या पायरीपासून जिना चढायला लागायचो. तिसऱ्या पायरीवर पोचेपर्यंत समोरचा माणूस निघून गेलेला!

‘कोन जेवला?’

जूनमध्ये मिरजगावला गेलो. सोबत रूममेट होता, कानपूरचा. पुण्यात चार वर्षं काढलेला, मराठी शिकायची मनापासून हौस असलेला. रिक्षावाल्याशी, भाजीवालीशी तो मराठीतच बोलतो. समोरचा हिंदीत उत्तर देतो, हा भाग वेगळा.

दुपारी पोचलो. ज्वारीची भाकरी, पिठलं, शेंगदाण्याची चटणी. चुलतीने आग्रहाने वाढलं. आज्जी तेव्हा शेजारी गेलेली. ती आली आणि रूममेटला बघून ओट्यावर टेकली.

‘‘जेवलास का रं बाळा?’’

‘‘हो आज्जी, मी जेवला.’’

आज्जीने इकडेतिकडे पाहिलं. ‘‘कोन जेवला?’’

‘‘मी.’’

‘‘मंग जेवलो म्हन की!’’

घरातले सगळे हसले. तोही हसला. माझं हसू मात्र अर्ध्यात थांबलं, कारण माझ्या कानात त्या मेक्सिकोच्या बाई बोलत होत्या. किएन? अगदी तोच प्रश्न, तीच चूक.

रात्री गच्चीवर मी त्याला विचारलं, ‘मी जेवला’ असं का म्हणतोस? तो म्हणाला, ‘‘हिंदीत ‘मैं आया, तू आया, वो आया’ सगळं एकच असतं ना. मग मराठीतही ‘मी आला, तू आला, तो आला’ असं तोंडात येतं. तुम्ही लोक आलो, आलास, आला असं कसं लक्षात ठेवता?’’

मी म्हणालो, लक्षात कोण ठेवतंय!

आणि मग लख्ख उजेड पडला. तो मराठीत हिंदी घेऊन येत होता. मी स्पॅनिशमध्ये इंग्रजी घेऊन जात होतो. इंग्रजीत ‘आय फिनिश्ड, यू फिनिश्ड, ही फिनिश्ड’, सगळं एकच. आपली पुस्तकं इंग्रजीतून, ॲप इंग्रजीतून, क्लासमधलं स्पष्टीकरणही बहुतेक इंग्रजीतून. इंग्रजीच्या खिडकीतून बघितलं की स्पॅनिश क्रियापदांचा तक्ता म्हणजे एव्हरेस्ट. पण आम्ही तर जन्मापासून एव्हरेस्टवरच राहतोय की!

आपलं टेबल बघा जरा

दुसऱ्या दिवशी चुलतभावाची वही मागून घेतली. तो एमपीएससीची तयारी करतोय, त्यामुळे मराठी व्याकरण तोंडपाठ. वहीच्या मागच्या पानावर आम्ही ‘जाणे’चा वर्तमानकाळ मांडला. जातो, जाते, जातोस, जातेस, जाता, जातं, जातात. सात रूपं झाली. मेक्सिकोच्या स्पॅनिशमध्ये ‘बोलणे’ची किती? आब्लो, आब्लास, आब्ला, आब्लामोस, आब्लान. पाच! सहावं ‘आब्लाईस’ मुख्यतः स्पेनमध्ये वापरतात, लॅटिन अमेरिकेत त्याची गरजच पडत नाही.

वर स्पॅनिश क्रियापदाला बाई बोलतेय की पुरुष याच्याशी देणंघेणं नाही. ‘मी बोलतो’ आणि ‘मी बोलते’ दोन्हीला एकच ‘आब्लो’. आणि नकार? स्पॅनिशमध्ये क्रियापदाच्या आधी ‘नो’ ठोकून दिलं की काम झालं. आपण तर नकारसुद्धा चालवतो. नाही, नाहीस, नाहीत. नव्हतो, नव्हतास, नव्हती. नको, नकोस, नका. मराठी शिकणाऱ्या बिचाऱ्या माणसाला काय वाटत असेल, याचा विचार करा.

आता गंमत बघा. ‘तू बोलतोस’ आणि ‘आब्लास’. दोन्हीच्या शेवटी ‘स’. हा योगायोग नाही. संस्कृतात ‘त्वं गच्छसि’, जुन्या मराठीत ‘तू करिसी’, तिकडे लॅटिनमध्येही ‘तू’च्या क्रियापदाला ‘स’. मराठी आणि स्पॅनिश या एकाच इंडो-युरोपियन कुळातल्या लांबच्या बहिणी. ‘ते’ची शेपटीही तशीच. संस्कृतात ‘न्ति’, लॅटिनमध्ये ‘न्त’. वाटण्या झाल्या तेव्हा स्पॅनिशने ‘न’ ठेवला आणि ‘आब्लान’ म्हटलं. आपण ‘त’ ठेवला आणि ‘बोलतात’ म्हटलं. दोन घरांनी एकच भांडं अर्धं अर्धं वाटून घेतलं म्हणायचं!

एक इशारा मात्र देऊन ठेवतो. तुम्ही ‘बोललास’ म्हणताना आपण ‘स’ लावतो, म्हणून स्पॅनिश भूतकाळातही लावायला जाल. तिथे ‘आब्लास्ते’, शेवटी ‘स’ नाही. सवयीने तो जोडणारे खुद्द स्पॅनिशभाषकही भरपूर आहेत आणि त्यांचे शिक्षक त्यांना त्यावरून ओरडतात. तेव्हा चूक झाली तर वाईट वाटून घेऊ नका.

चाख्यात झिंदाबाद!

स्पॅनिश शिकणाऱ्यांचं दुसरं मोठं दुखणं म्हणजे दोन भूतकाळ. ‘फुई’ आणि ‘ईबा’. इंग्रजीत दोन्हीला बहुतेक वेळा एकच ‘आय वेंट’. मग कुठे काय वापरायचं, यावर पुस्तकात चार पानं नियम.

चुलतभाऊ म्हणाला, ‘‘यात काय अवघड? एक लाख्यात, एक चाख्यात.’’

शाळेत मराठीच्या पेपरात एका मार्कासाठी ज्यांच्यावर काट मारली होती, तीच ही मंडळी. ताख्यात, लाख्यात, वाख्यात, ईलाख्यात, चाख्यात. क्रियापदाच्या शेवटी कोणतं अक्षर येतं, त्यावरून पडलेली नावं. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण १८३६ मध्ये आलं, मोरो केशव दामल्यांचं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ मध्ये. स्पॅनिशचं पहिलं मोठं व्याकरण नेब्रिहा यांनी १४९२ मध्ये, कोलंबस निघाला त्याच वर्षी, छापून घेतलं होतं. म्हणजे टेबलं त्यांचीही जुनी आणि आपलीही. फक्त आपण आपली बघितली नाहीत.

तर लाख्यात म्हणजे ‘काल मी नगरला गेलो’. एकदा झालं, संपलं. ही झाली ‘फुई’. आणि चाख्यात म्हणजे ‘शाळेत असताना मी सायकलवर जायचो’. रोजची सवय. ही झाली ‘ईबा’. पाऊस पडला आणि पाऊस पडत होता, यातला फरक तुम्हाला कुणी शिकवावा लागला का? मग स्पॅनिशमध्येही वाक्य आधी मराठीत मनात म्हणा. ‘-लो’ आलं की पहिला भूतकाळ, ‘-यचो’ किंवा ‘-त होतो’ आलं की दुसरा. दहापैकी आठ वेळा बरोबर येतं.

तिसरी लॉटरी ‘गुस्तार’ची. इंग्रजीतून येणारे इथे हमखास आपटतात. ‘आय लाइक’मध्ये आवडून घेणारा माणूस कर्ता असतो. स्पॅनिशमध्ये आवडणारी वस्तू कर्ता होते. कॉफी एक असेल तर ‘मे गुस्ता’, टाको अनेक असतील तर ‘मे गुस्तान’. मॅडम अर्धा तास समजावत होत्या. आता मराठीत म्हणा. मला कॉफी आवडते. मला लाडू आवडतात. झालं! ‘मे’ म्हणजे मला. अर्ध्या तासाचा धडा दोन वाक्यांत.

आणि ते इर्रेग्युलर गुंड? जाणेचं ‘गेलो’, येणेचं ‘आलो’, करणेचं ‘केलं’, खाणेचं ‘खाल्लं’, मरणेचा ‘मेला’. आपल्याकडे काय कमी आहेत? ‘जा’ आणि ‘गेलो’ तर मुळात दोन वेगळ्या धातूंचं लग्न आहे, जसं स्पॅनिशमध्ये ‘जाणे’च्या रूपांत तीन लॅटिन क्रियापदं एकत्र नांदतात. जगभर हाच प्रकार दिसतो. जी क्रियापदं दिवसातून शंभरदा तोंडात येतात, तीच वाकडी राहतात, कारण प्रत्येक पिढी ती नियमाने बनवत नाही, ऐकून उचलते. म्हणूनच ती पाठ करण्यापेक्षा वापरून लवकर बसतात.

सगळंच फुकट मिळत नाही

आता खोटं कशाला बोला! मराठी सगळीकडे धावून येत नाही. ‘असणे’साठी स्पॅनिशमध्ये दोन क्रियापदं, ‘सेर’ आणि ‘एस्तार’. बर्फ थंड असतो आणि चहा थंड झालाय, हा फरक आपल्याला कळतो, तिथपर्यंत ठीक. पण ‘मी इंजिनिअर आहे’ला सेर आणि ‘मिरजगाव महाराष्ट्रात आहे’ला एस्तार, हे मराठीतून सुचत नाही. गाव काही जागचं हलत नाही, तरी ठिकाण म्हटलं की एस्तार! ते पाठच करावं लागतं.

जोर कुठल्या अक्षरावर द्यायचा, हेही नवीन. आपल्याकडे त्याने अर्थ सहसा बदलत नाही, तिथे ‘मी’चा ‘तो’ होतो. माझा रिपोर्ट त्याचाच बळी. आणि ‘पोदेर’सारखी क्रियापदं मध्येच पोटातून बदलतात. पुएदो, पुएदेस, पुएदे आणि मग अचानक पोदेमोस. तिथे आज्जीही काही करू शकत नाही.

पडतो, पडेल, पडो

राहिला तो सब्जंक्टिव्ह. याच्या नावानेच लोक क्लास सोडतात. जे घडतंय ते नव्हे, तर जे घडावंसं वाटतं, घडेल की नाही माहीत नाही, त्यासाठीची वेगळी रूपं. इंग्रजीत हा प्रकार जवळजवळ विझलेला, त्यामुळे तिकडून येणाऱ्याला हे कशासाठी असतं हेच कळत नाही.

मिरजगावच्या त्या मुक्कामात शेवटच्या संध्याकाळी आम्ही ओट्यावर बसलो होतो. मृग निघून चालला होता आणि आभाळ कोरडं होतं. आमचा कर्जत तालुका पर्जन्यछायेतला. इथे जूनमध्ये माणसं एकमेकांशी बोलताना अर्धं लक्ष वर ठेवतात. चुलते म्हणाले, ‘‘तिकडं कोकनात पडतोय.’’ चुलतभावाने मोबाइलवर बघून सांगितलं, ‘‘गुरुवारी पडेल म्हणतायत.’’ आज्जी १९७२ चा दुष्काळ पाहिलेली. ती काहीच बोलली नाही. मग बऱ्याच वेळाने, कुणालाच उद्देशून नाही, म्हणाली, ‘‘पडावा बाबा. आवंदा तरी पडो.’’

तेव्हा मी फक्त ऐकलं. ऑक्टोबरमध्ये मॅडमनी फळ्यावर सब्जंक्टिव्ह लिहिला. उदाहरण होतं, ‘युएबे’, पाऊस पडतो. ‘योबेरा’, पडेल. आणि ‘ओहाला युएबा’. एका ‘ए’चा ‘आ’ झालाय फक्त. ‘ओहाला’ हा शब्द अरबीतून आलेला, स्पेनमध्ये अनेक शतकं अरबी बोलली जात होती त्याची खूण. अर्थ, देवाची इच्छा असेल तर. मॅडम म्हणाल्या, याचं इंग्रजीत नीट भाषांतर होत नाही.

मी हात वर केला. म्हटलं, मॅडम, मराठीत होतं. पाऊस पडो.

वर्गात उरलेल्या सात जणांनी मान वर केली. मग पुढचा अर्धा तास आम्ही फक्त तेच केलं. तू यावंस असं मला वाटतं, ‘किएरो के बेंगास’. यावंस, बेंगास, इथेही शेवटी तोच ‘स’. देव तुझं भलं करो. कल्याण होवो. ज्या रूपांना आम्ही आज्जीबाईंची भाषा म्हणून मागे टाकलं होतं, तीच आता पुढच्या धड्याची किल्ली होती.

तुम्हीही करून बघा

• उभा तक्ता पाठ करू नका. एकेका रूपाला वाक्य जोडा. ‘पागो’ नव्हे, ‘आज मी पागो’. मित्रांना हॉटेलात बोलावून हे वाक्य म्हणा, जन्मात विसरणार नाही!

• आधी मी आणि तू. गप्पांमध्ये या दोघांशिवाय फारसं कुणी नसतं. बाकीचे सावकाश येतील.

• वाक्य मनात इंग्रजीत नको, मराठीत जुळवा. तेही घरी बोलता त्या मराठीत.

• ‘आर’वाली क्रियापदं आधी धरा. स्पॅनिशमध्ये ती सगळ्यात जास्त आहेत आणि नवीन येणारीही त्यातच भरती होतात. चॅट करणे म्हणजे ‘चातेआर’.

• वयाने, मानाने मोठ्या माणसाला ‘उस्तेद’ म्हणा आणि क्रियापद ‘तो’चं लावा. ‘साहेब जेवणार का?’ असं आपण विचारतो ना, तसंच.

• चूक केल्यावर समोरच्याने ‘कोण?’ विचारलं, तर तो हसत नाहीये. तुम्हाला योग्य शेपटी सुचवतोय. त्याच्या मागून म्हणा आणि पुढे चला.

आणि तो कॉल?

डिसेंबरमध्ये ती दुसरी मुलगी सुट्टीवर गेली आणि मला परत बसवलं. त्याच बाई पलीकडे. माझ्याकडे पुन्हा एक रिपोर्ट. मी मनात म्हटलं, ‘मी संपवलं’, आणि तोंडाने म्हटलं, ‘‘तेर्मिने.’’

‘‘पेर्फेक्तो,’’ त्या म्हणाल्या आणि पुढच्या मुद्द्यावर गेल्या. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. ज्याला मी संपवलं ते मीच संपवलं, एवढंच त्यांना कळलं आणि तेवढंच हवं होतं.

रात्री घरी फोन केला. आज्जीला सांगितलं, की परदेशातल्या बाईंशी त्यांच्या भाषेत बोललो. तिने विचारलं, ‘‘तिला समजलं का?’’ म्हटलं, समजलं. ‘‘मंग झालं की,’’ ती म्हणाली. पुढचा प्रश्न नेहमीचाच होता. ‘‘जेवलास का?’’

जेवलो, आज्जी.